प्रॉम आणलात, आता ते कपाटही आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत शाळांमधल्या 'प्रॉम नाईट'वर जो लेख आला आणि त्यावर नंतर जी पत्रं आली ती सगळी मी इथे न्यू जर्सीत बसून ई-पेपरवर वाचली, आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. पत्रं बहुतेक एकाच सुरातली होती, अमेरिकेची थेरं, मुलं बिघडली, पालक त्याहून बिघडले वगैरे. संस्कृतीवर मला काही बोलायचं नाही, ते काम करायला तिकडे भरपूर लोक आहेत. मला बोलायचंय ते कपडे आणि पैसे यावर, कारण मुलीला प्रॉमसाठी तयार करायचं काम मी स्वतः केलंय, तेही हात आखडून, आणि नंतर दुसऱ्यांच्या मुलींसाठीही करतेय. लेखात गाऊनचे फोटो होते, डीजे होता, रेड कार्पेट होतं, पण हा सगळा खर्च ज्या घरांना झेपत नाही त्यांनी करायचं काय यावर एक ओळ नव्हती. इथल्या प्रॉममध्ये त्याचं उत्तर आहे, निदान अर्धंमुर्धं तरी आहे, आणि नेमकं तेवढंच तिकडे आणायचं राहून गेलंय असं मला वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रॉम म्हणजे शाळेतर्फे होणारी, नटूनथटून जायची नाच-जेवणाची रात्र. इथे तो अकरावी-बारावीच्या मुलांचा असतो, साधारण एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, आमच्याकडे तो बँक्वेट हॉलमध्ये होतो आणि नुसतं तिकीटच शंभर डॉलरच्या आसपास जातं. त्यावर मुलीचा ड्रेस, ड्रेसचं अल्टरेशन, शूज, केस, मेकअप, मनगटावर बांधायची फुलं, मुलांना टक्सिडो म्हणजे समारंभाचा काळा सूट, चार-सहा जण मिळून गाडी, आणि आमच्या न्यू जर्सीत तर प्रॉमनंतर समुद्रकिनाऱ्यावर घर भाड्याने घेऊन वीकेंड घालवायची एक पद्धत आहे, तो खर्च वेगळाच. व्हिसा कंपनीने 2015 साली सर्व्हे केला होता, त्यात एका घराचा प्रॉमचा सरासरी अंदाजित खर्च 919 डॉलर निघाला, म्हणजे तेव्हाच्या भावाने 58 हजार रुपयांच्या जवळपास. त्यातले 324 डॉलर तर नुसते 'माझ्याबरोबर प्रॉमला येशील का' हे विचारायच्या नाटकावर, बॅनर, फुगे, चॉकलेटं असलं काहीतरी. पण मला त्या सर्व्हेतली दुसरी गोष्ट जास्त लागली होती, ती म्हणजे कमी कमाईच्या घरांचा खर्च जास्त कमाईच्या घरांपेक्षा जास्त निघाला. ऋण काढून सण करायची सवय फक्त आपल्याकडेच आहे असं कोणाला वाटत असेल तर तसं काही नाही. ज्याच्याकडे आहे त्याला दाखवावं लागत नाही, ज्याच्याकडे नाही त्याला आपलं पोरगं चारचौघांत कमी दिसू नये याची धास्ती असते, मग ते घर नागपूरचं असो की नेवार्कचं.

आमच्या घरात तेव्हा एकाच पगारावर चाललं होतं, त्यामुळे मुलीला मी आधीच सांगितलं की तिकीट आम्ही भरू, बाकी सगळं मिळून दीडशे डॉलर, त्यात काय बसवायचं ते तू ठरव. आता दीडशे ऐकायला बरे वाटतात पण मॉलमध्ये एक चक्कर मारली की कळतं, जरा बरा दिसणारा लांब ड्रेस तेवढ्यालाच सुरू होतो आणि मग तीनशे, पाचशे, वर मर्यादा नाही. एक बरं, न्यू जर्सीत कपड्यांवर सेल्स टॅक्स लागत नाही, नदीपलीकडे न्यू यॉर्कमध्ये 110 डॉलरपासून पुढच्या कपड्यावर लागतो, त्यामुळे तिकडून काही मुली आयांना घेऊन इकडे येतात खरेदीला.

सगळ्यात आधी मोह होतो तो ऑनलाईनचा. जानेवारी-फेब्रुवारीपासून मुलींच्या फोनवर जाहिराती सुरू होतात, चाळीस डॉलरमध्ये असा ड्रेस की नटीने घालावा. फोटो कोणाचा तरी उचललेला असतो, माल येतो तो भलताच, कापड पडद्याचं, आणि येतो तोही प्रॉमच्या आदल्या आठवड्यात, मग परत कधी पाठवणार. मुलीच्या मैत्रिणीचं असं झालं, बिचारी रडून रडून अर्धी झाली. दुसरा एक प्रकार म्हणजे नवीन ड्रेस आणायचा, टॅग आत खोचून घालायचा आणि सोमवारी दुकानात परत करायचा. बरेच जण करतात, हसत हसत सांगतातही. दुकानांनी त्यावर आता असा उपाय काढलाय की समोर छातीवरच एवढा मोठा टॅग लावतात, तो काढला की माल परत घेत नाहीत. मला तो प्रकार तेव्हाही पटला नव्हता, मुलीला म्हटलं जुना घाल पण आपला घाल.

मग आम्ही कन्साईनमेंटच्या दुकानात गेलो, म्हणजे लोक आपले चांगले कपडे ठेवून जातात, विकले गेले की दुकानदार आणि मालक पैसे वाटून घेतात. तिथे गडद हिरव्या सॅटिनचा एक ड्रेस मिळाला चाळीस डॉलरला, एकरंगी, साधा, टिकली नाही, मणी नाहीत. मुलगी आधी नाक मुरडत होती की यावर काहीच नाही. पण मी शिवणकाम शिकलेली आहे त्यामुळे मला दिसत होतं की याच्यावर काही नाही म्हणूनच हा घ्यायचा. मण्यांच्या किंवा टिकल्यांच्या कापडाची उंची कमी करायची तर खालचे मणी हाताने काढा, शिवा, परत लावा, त्याची मजुरी ड्रेसपेक्षा जास्त होते. जाळीचे चार-पाच थर असले तर प्रत्येक थर वेगळा कापायचा. साध्या सॅटिनला एक टीप नाहीतर हातशिलाई, झालं काम. आणि माप नेहमी सैल घ्यावं, या फॉर्मल ड्रेसचे नंबर रोजच्या कपड्यांपेक्षा लहान निघतात, पोरगी आठ नंबरची जीन्स घालते म्हणून आठचाच ड्रेस आणला तर पाठीची चेन वर जाणार नाही. सैल कपडा आत घेता येतो पण तंग कपडा सोडायला आत माया, म्हणजे शिवणीतलं जास्तीचं कापड लागतं आणि रेडिमेडवाले माया सोडतात ती नखाएवढी.

कमरेत सैल आणि उंचीला जास्त होता. मॉलमधल्या टेलरने दोन्हीचे मिळून पंच्याऐंशी सांगितले, चाळीसच्या ड्रेसला पंच्याऐंशी, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. माझं मशीन तेव्हा बिघडलेलं, मग आमच्याकडच्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडच्या मागच्या बाजूला एक गुजराती बेन घरूनच शिवणकाम करतात त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तीस घेतले, आणि कापायला कात्री उचलली तेवढ्यात मी म्हटलं बेन, कापू नका, आत दुमडा. त्यांना लगेच कळलं. जास्तीचं कापड आत दुमडून अलगद हातशिलाई घातली, कमरेलाही कापड न छाटता नुसती आतून टीप मारली. कारण हा ड्रेस हिच्यानंतर कोणीतरी घालणार, ती हिच्यापेक्षा उंच असेल, जाड असेल, तिला उसवून सोडता आला पाहिजे. आणि एक, उंचीचं माप घेताना हिला हिल्स घालून उभं करू नका असंही बेननीच सांगितलं. सगळ्या मुली फोटोपुरत्या हिल्स घालतात आणि हॉलमध्ये गेल्यावर अर्ध्या तासात काढून टेबलाखाली टाकतात, मग अनवाणी नाहीतर चपला घालून नाचतात, तेव्हा हिल्सच्या मापाचा ड्रेस पायात येऊन पोरी तोंडावर आपटतात. म्हणून माप सपाट पायाचं. फोटोत घोटा दिसतो थोडा, दिसू दे.

बाकीचं पटापट झालं. चपला घरात होत्या त्याच. कानात आजीच्या मोत्याच्या कुड्या, हिरव्यावर अशा काही उठून दिसल्या की तिच्या वर्गातल्या मुली विचारत होत्या कुठून घेतल्या म्हणून. केस मैत्रिणींनी एकमेकींचे घातले यूट्यूब बघून. मनगटावरची फुलं दुकानात तीस-चाळीस डॉलर पडतात, आम्ही सुपरमार्केटमधून पांढऱ्या कार्नेशनची जुडी आणली आणि रिबिनीवर बांधली, ज्या बाईने आयुष्यभर गजरे केलेत तिला त्यात काय अवघड. मुलांचं मी फार सांगत नाही कारण ते सोपं आहे, टक्सिडो भाड्याने आणायचा तर शर्ट-शूजसकट दोनशेच्या घरात जातो, तेवढ्यात सेलमध्ये काळा सूट विकत येतो आणि तो पुढे इंटरव्ह्यूला, लग्नाला चालतो. फक्त कोटाचे खांदे बरोबर बसले पाहिजेत, बाह्या आणि पँट कोणीही कमी करून देतं, पण खांदे उसवून नीट करणं फार महागात पडतं.

आता एक गंमत सांगते, म्हणजे गंमत कसली. इथे प्रत्येक शाळेतल्या मुली प्रॉमच्या ड्रेसचं एक इन्स्टाग्राम अकाऊंट काढतात. ज्याने त्याने आपला ड्रेस घेतला की फोटो टाकायचा, म्हणजे दुसरीने तोच घ्यायला नको. वरवर बरं वाटतं, पण त्याने झालं काय की गेल्या वर्षीच्या सीनियरचा ड्रेस त्याच शाळेतली मुलगी मागून घालू शकत नाही, कारण सगळ्यांनी तो फोटोत बघितलेला असतो आणि लगेच 'अगं हा तर अमकीचा'. मोठ्या बहिणीचा घालायचीसुद्धा चोरी. यावर तोडगा आयांनीच काढला, ड्रेस गाव बदलून फिरवायचे. आमच्या गावचे ड्रेस शेजारच्या टाऊनला आणि त्यांचे आमच्याकडे. तो हिरवा ड्रेस तसाच पुढे गेला, तिथल्या मुलीने तो उसवून दोन इंच सोडून घेतला असं कळलं.

आणि इथून पुढे मला जे खरं सांगायचंय ते सुरू होतं. हे ड्रेस फिरवणं आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपुरतं नाहीये, अमेरिकेत त्याची नीट घडी बसलेली आहे. शिकागोमध्ये 1999 पासून ग्लास स्लिपर प्रोजेक्ट नावाची संस्था मुलींना प्रॉमचे ड्रेस फुकट देते, सॅन फ्रान्सिस्कोत 2002 मध्ये प्रिन्सेस प्रोजेक्ट सुरू झाला. फ्लोरिडात एका शाळकरी मुलीने 2003 साली आपल्या शाळेतून, ओळखीपाळखीतून ड्रेस गोळा केले आणि अडीचशेच्या वर मुलींना दिले, त्याच वर्षी ती अपघातात गेली, तिच्या घरच्यांनी आणि मैत्रिणींनी तिच्या नावाने बेकाज क्लॉझेट, म्हणजे बेकाचं कपाट, सुरू ठेवलं आणि आता त्याच्या शाखा बऱ्याच राज्यांत आहेत. हे मोठे झाले. छोटे तर गावोगाव आहेत, कुठे शाळेतल्या रिकाम्या वर्गात, कुठे चर्चच्या हॉलमध्ये, कुठे पब्लिक लायब्ररीत. मार्च-एप्रिलमध्ये दोन-तीन शनिवार हे कपाट उघडतं.

मी अशा एका ठिकाणी मदतीला जाते, मशीन घेऊन बसते कोपऱ्यात. तिथे जे बघितलं त्यावरून सांगते, ड्रेस गोळा करणं हे सगळ्यात सोपं काम आहे. लोकांच्या कपाटात एकदा घातलेले कपडे पडलेलेच असतात, द्यायला ते तयारच असतात. अवघड असतं ते मुलीला तिथपर्यंत येऊ देणं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला आपल्या घरी पैसे नाहीत हे कोणाला कळू द्यायचं नसतं, त्यापेक्षा ती 'मला असल्या पार्ट्या आवडतच नाहीत' म्हणून घरी बसेल. म्हणून आमच्याकडे कोणालाही काही विचारत नाहीत, पगाराचा दाखला नाही, फॉर्म नाही, नुसतं शाळेचं आयडी दाखवायचं आणि आत यायचं. काही लोक यावर कुरकुरतात, की असं केलं तर पैसेवाल्यांच्या मुलीपण येऊन फुकटात घेऊन जातील. येतात ना! आणि आल्याच पाहिजेत. हल्ली जुने कपडे घालणं फॅशनमध्ये आहे, पर्यावरण वगैरेसाठी, त्यामुळे खात्यापित्या घरच्या मुली मैत्रिणींसोबत मजा म्हणून येतात, आणि त्यांच्या गर्दीत जिला खरंच गरज आहे ती उठून दिसत नाही. मला विचाराल तर त्या सगळ्या व्यवस्थेतलं हे सगळ्यात शहाणपणाचं कलम आहे.

आतमध्ये दुकानासारखी मांडणी असते, हँगरवर मापाप्रमाणे कपडे, उभे आरसे, पडदे लावून ट्रायल रूम, प्रत्येक मुलीबरोबर एक बाई, जी तिला धीराने कपडे दाखवते. ढीग घालून 'घ्या यातलं काय ते' असं नाही. कपडे आधी ड्राय क्लीन होऊन येतात, गावातलाच एक ड्राय क्लीनर फुकट करून देतो. कमी काय पडतं तर मोठ्या मापाचे ड्रेस, जाड मुलींसाठी कधीच पुरेसे नसतात, त्यांच्यासाठी दोन वेगवेगळे ड्रेस जोडून एक करायची वेळ माझ्यावर आलीये. पूर्ण बाह्यांचे, अंगभर झाकणारे ड्रेस पण कमी पडतात, मुसलमान मुली आणि काही कट्टर ख्रिश्चन घरच्या मुली तसले शोधतात. आणि मुलांच्या काळ्या पँटी! कोट लोक देतात पण पँट कोणी देत नाही, कोण जाणे का.

हे सगळं मी लिहायचं कारण म्हणजे माझी पुण्यातली भाची. ती यंदा दहावीला आहे. मध्यंतरी बहिणीचा फोन, रडकुंडीला आलेली, शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला की सेंड-ऑफऐवजी यंदा प्रॉम नाईट, थीम ब्लॅक अँड गोल्ड, मुलींनी गाऊन, मुलांनी सूट. शाळेचं नाव घालत नाही, असं करणारी ती एकटीच शाळा नाही हे तुमच्या लेखातच आलंय. बहीण म्हणाली दुकानात बरा गाऊन चार-पाच हजारांच्या खाली नाही, भाड्याने घ्यायचा तर दीड हजार आणि वर डिपॉझिट, त्यात पार्लर, सँडल, आणि हे सगळं क्लासच्या फीचा शेवटचा हप्ता भरायच्या महिन्यात. भावजींचं म्हणणं की जाऊच नको, अभ्यास कर, बोर्डाची परीक्षा आलीये. ही पण एक सोपी पळवाट असते बरं का आपल्याकडे, पैसे नसले की अभ्यास पुढे करायचा.

आता विचार करा, आपला दहावीचा निरोप समारंभ कसा असायचा. मुली साड्या नेसायच्या. कोणाच्या साड्या, तर आईच्या, मावशीच्या, शेजारच्या काकूंच्या. साडीला माप नसतं, तीच साडी जाड्या बारक्या उंच बुटक्या सगळ्यांना होते, फक्त ब्लाऊजचा प्रश्न, तर आईच्या ब्लाऊजला आतून दोन्हीकडे टीप मारायची आणि दुसऱ्या दिवशी उसवून आईला परत. आम्हीसुद्धा तेच केलं. पिना टोचायच्या, निऱ्या सुटायच्या, अर्धा कार्यक्रम पदर सावरण्यात जायचा, पण खर्च शून्य. आणि काकूंची पैठणी नेसून आलेली मुलगी आणि आईची रोजची सिंथेटिक नेसून आलेली मुलगी यात फरक दिसायचा हे खरं आहे, मी तो काळ फार गोड होता वगैरे म्हणत नाही, तेव्हाही मैत्रिणी साडीचा पदर चिमटीत धरून 'खरी आहे का गं' विचारायच्याच. पण निदान प्रत्येकीला घरातल्या घरात नेसायला काहीतरी होतं. मुलांचं पांढरा शर्ट, काळी पँट, नाहीतर झब्बा. वर्गणी काढायचो ती शाळेला भिंतीवरचं घड्याळ नाहीतर पंखा भेट द्यायला.

गाऊन म्हटलं की हे सगळं मोडतं. आईच्या कपाटात गाऊन नसतो. असला तरी तो मापाला होत नाही. त्यात काळा आणि सोनेरीच पाहिजे म्हटलं की मावसबहिणीकडे असलेला निळा पण बाद. म्हणजे शाळेने मेसेजमध्ये टाकलेल्या त्या दोन-चार शब्दांनी प्रत्येक घराला पाच-सात हजारांचा खड्डा, आणि मेसेज टाकणाऱ्याच्या ते गावीही नसतं, त्याला वाटतं आपण मुलांसाठी काहीतरी छान करतोय. अहो करताय छानच, पण अमेरिकेत हा समारंभ शंभरेक वर्षं शाळांमध्ये चाललाय आणि त्यात गरिबाची पोरं मागे पडतात हे बघून लोकांनी ही कपाटं उभी केली आहेत. तुम्ही समारंभ उचललात आणि कपाट तिथेच ठेवून आलात.

म्हणून शाळांना माझं सरळ सांगणं आहे, एक तर थीम अशी ठेवा जी घरच्या कपाटातून निघेल. साडी ठेवा, 'घरातल्या मोठ्या माणसाचा एक तरी कपडा किंवा दागिना घालून या' असं ठेवा, मग बघा पोरं काय काय काढतात, आजोबांचं जाकीट, आजीची नथ, बाबांचा कॉलेजचा टाय. रंगाची सक्ती नको. आणि गाऊनच पाहिजे असेल, हौस आहे, मान्य आहे, हौसेला मोल नाही, तर मग आधी कपाट उघडा. पालक-शिक्षक संघ असतो ना प्रत्येक शाळेत, त्यांच्याकडे हे काम द्या. सेंड-ऑफ जानेवारीत म्हणजे कपडे गोळा करायला दिवाळीपासून लागलं पाहिजे, दिवाळीत मागच्या वर्षी दहावी झालेल्या मुली घरीच असतात, त्यांच्याकडून घ्या, आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नं सुरू होतात, रिसेप्शनला एकदा घातलेले कितीतरी गाऊन आणि ब्लेझर त्यानंतर कपाटात पडून राहतात. शेजारच्या शाळेशी अदलाबदल करा म्हणजे 'हा अमकीचा' हा प्रकार होणार नाही. गॅदरिंगला ज्या ड्रेपरीवाल्याकडून तुम्ही वर्षानुवर्षं कपडे आणता त्याच्याशी एकगठ्ठा भाव ठरवा, तो पन्नास ब्लेझर एकदम देणार असेल तर एकट्या बापाला सांगितलेल्या भावात नक्कीच देणार नाही, कमी करेल. अल्टरसाठी गावात आयटीआयच्या शिवणाच्या वर्गातल्या मुली असतात, बचत गटाच्या बायका असतात, त्यांना बसवा दोन दिवस, फुकट नाही, पैसे देऊन. कापड कापायचं नाही आत दुमडायचं, एवढं मात्र त्यांना सांगा.

आणि दाखले मागू नका. नोटीस बोर्डवर 'गरजू विद्यार्थिनींसाठी' असं तर अजिबात लिहू नका, तसं लिहिलं की एकही मुलगी फिरकणार नाही आणि मग तुम्हीच म्हणाल की बघा, आमच्या शाळेत कोणी गरजू नाहीच. वर्गशिक्षिकेनेच आपल्या मुलीसाठी तिथून एक ड्रेस सगळ्यांसमोर न्यावा, ट्रस्टींच्या नातीने न्यावा, बाकीच्या आपोआप येतील.

पालकांनाही एक सांगते, विशेषतः ज्यांना परवडतं त्यांना. तुमच्या मुलीला दहा हजारांचा गाऊन घ्यायचा तर घ्या, तुमचे पैसे आहेत. फक्त तो घालून झाला की कपाटात लटकवून ठेवू नका, पुढच्या दहावीच्या आत द्या कोणाला तरी, दोन वर्षांनी द्याल तोपर्यंत फॅशन गेलेली असते आणि कापडाला घडीवर पिवळा डाग पडलेला असतो. धुऊन द्या. काखेतलं शिवण उसवलं असेल तर शिवून द्या. आमच्याकडे लोक चेन तुटलेले ड्रेसही आणून टाकतात पुण्य केल्यासारखे, नवी चेन बसवायला मला तास-तास जातो.

भाचीचं विचाराल तर मी तिला ड्रेस पाठवायला तयार होते, पण एकट्या तिला पाठवून काय होणार, तिच्या वर्गात बाकीच्या पण आहेत. बहीण आता आणखी तीन-चार आयांना घेऊन मुख्याध्यापकांना भेटणार आहे, रंगाची अट काढा आणि साडी चालेल असं ग्रुपवर लिहा एवढंच मागायला. काय होतं ते बघू.

शेवटी संपादकांना एक विनंती. पुढच्या जानेवारीत तुमचे प्रतिनिधी पुन्हा शाळाशाळांत प्रॉमचे फोटो काढायला जातील तेव्हा कोणी काय घातलं होतं हे तर छापाच, पण मुख्याध्यापकांना एवढंही विचारायला सांगा की दहावीच्या पटावर मुलं किती आणि त्या रात्री आलेली किती, आणि जी आली नाहीत त्यांच्याकडे कोणी चौकशी केली का. तो आकडा छापलात तर मी इथून आवर्जून वाचीन.

आपली,
एक नियमित वाचक
एडिसन, न्यू जर्सी